तेलाचा तवंग आणि तांबडे ठिपके

समुद्रावर तेल सांडलें असतां तें कोणीकडे जाईल, हा प्रश्न वरवर पाहतां खलाशांचा, बंदरखात्याचा, किंवा फार तर तटरक्षक दलाचा आहे असें वाटतें. परंतु आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मूळ घरें कोंकणपट्टींत आहेत. कोणाचें श्रीवर्धनास, कोणाचें गुहागरास, तर कोणाचें मालवणाकडे. उन्हाळ्याच्या अखेरीस अशा एखाद्या गांवीं पुळणीवरून अनवाणी फिरून आल्यावर मुलांच्या तळपायांस चिकटलेलें काळें डांबर खोबरेल तेलानें घासून काढण्याचें काम ज्या गृहिणींनीं केलें आहे, त्यांस हा प्रश्न उंबरठ्याच्या आंत कसा येतो हें निराळें सांगावयास नको. तें डांबर वाळूंत उपजत नाहीं. कोठेंतरी, कदाचित् शेंकडों मैलांवर, एखाद्या जहाजांतून, विहिरींतून किंवा नळांतून सुटलेलें तेल वाऱ्यापाण्याच्या ओढीनें प्रवास करीत तेथवर आलेलें असतें. त्या प्रवासाचें गणित आतां घरच्या संगणकावर, एक पैही खर्च न करितां, मांडून पाहतां येतें. तें कसें मांडावें, आणि मांडल्यावर त्यांतून काय घ्यावें व काय घेऊं नये, एवढेंच या महिन्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या कामाचें जें साधन आहे त्याचें नांव 'नोम'. अमेरिकेच्या सरकारांत समुद्राचें व हवामानाचें काम पाहणारें एक खातें आहे. त्यास संक्षेपानें 'नोआ' म्हणतात. त्या खात्यानें हें सॉफ्टवेअर स्वतःच्या कामासाठीं तयार केलें व सर्वांस विनामूल्य खुलें ठेविलें. पूर्वी तें संगणकावर उतरवून घ्यावें लागे. आतां त्याचें 'वेबनोम' नांवाचें रूप ब्राउझरमध्यें उघडतें, त्यामुळें फार बलवान् यंत्राची गरज पडत नाहीं. ज्यांचीं मुलें किंवा नातवंडें 'पायथन' भाषेंत प्रोग्राम लिहितात, त्यांच्यासाठीं 'पायनोम' या नांवानें त्याचा गाभाही उपलब्ध आहे. नवशिक्यानें मात्र वेबनोमनेंच आरंभ करावा. आधीं रूपावली, मग कौमुदी, हा क्रम येथेंही सोडूं नये.

हें शास्त्र कोणाच्या हौसेंतून निघालेलें नाहीं. तें संकटांतून निघालें. इ. स. १९६७ च्या मार्चच्या १८ तारखेस 'टॉरी कॅन्यन' नांवाचें तेलवाहू जहाज इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोंकाजवळ खडकावर चढलें, आणि त्यांतील एक लक्ष टनांहून अधिक कच्चें तेल इंग्लंड व फ्रान्स या दोन्ही देशांच्या किनाऱ्यांस भोंवलें. पुढें १९७६ च्या डिसेंबरांत 'आर्गो मर्चंट' हें जहाज अमेरिकेच्या ईशान्येस नँटकेट बेटापाशीं उथळ पाण्यांत रुतून मोडलें व सुमारें ७७ लक्ष गॅलन तेल समुद्रांत गेलें. त्या दिवसांत वारे बहुतेक वायव्येकडून वाहत होते, म्हणून तें तेल किनाऱ्याकडे न येतां खुल्या समुद्रांत निघून गेलें. किनारा वांचला, पण तो कोणाच्या शहाणपणानें नव्हे, वाऱ्याच्या कृपेनें. पुढच्या खेपेस वारा असाच कृपाळू असेल, असें कोणीं सांगावें? नोआमधील जें पथक आज अशा अपघातांच्या वेळीं तेलाची वाट वर्तवितें, त्याचा उगम या प्रसंगांत आहे.

आतां मूळ तत्त्व पाहूं. तवंगास हलविणाऱ्या गोष्टी मुख्यतः तीन. पहिली, समुद्राचा प्रवाह. यांत भरती-ओहोटी आली, नदीचा लोट आला, आणि किनाऱ्याला समांतर वाहणारे ऋतूऋतूचे प्रवाहही आले. प्रवाह जिकडे जाईल तिकडे तवंग त्याच्याच वेगानें जातो. दुसरी गोष्ट वारा. वाऱ्याच्या वेगाचा सुमारें शंभरांतील तिसरा हिस्सा तवंगास मिळतो. वारा ताशीं २० सागरी मैल असेल, तर त्याच्यामुळें तेल ताशीं ०.६ सागरी मैल सरकतें. चोवीस तासांत १४.४ सागरी मैल, म्हणजे जवळजवळ २७ किलोमीटर. हें त्रैराशिक पाटीवरही करितां येतें. तिसरी गोष्ट म्हणजे पाण्याच्या लहानमोठ्या भोंवऱ्यांमुळें तवंगाचें विस्कटणें. ही हालचाल कोणत्याही एका दिशेची नसते. यात्रेच्या गर्दींत सांपडलेली माणसें जशीं इकडून तिकडे ढकललीं जातात, तशी ती असते.

सॉफ्टवेअर काय करितें, तर सांडलेल्या तेलाचे एक हजार कण कल्पितें, आणि दर कांहीं मिनिटांनीं त्या प्रत्येक कणास या तिन्ही गोष्टींच्या बेरजेइतकें हलवितें. वाऱ्याचा वांटा सर्व कणांस सारखा न देतां कोणास शेंकडा एक, कोणास शेंकडा चार, असा यदृच्छेनें देतें. कारण प्रत्यक्षांतही जाड थर आणि पातळ थर सारखे वाहत नाहींत. याहून गूढ असें त्यांत कांहीं नाहीं. ज्या मुलास बेरीज व त्रैराशिक येतें त्यास हें समजतें; संगणकाचें सामर्थ्य एवढेंच कीं, तीच बेरीज तो न कंटाळतां लाखों वेळां करितो.

किंबहुना अशा तऱ्हेचें अनुमान आपल्या किनाऱ्यास नवें नाहीं. तिथीची पाऊणपट केली असतां भरतीची वेळ निघते, हा हिशेब कोंकणांत कोणास ठाऊक नाहीं? चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां पूर्ण भरती, आणि त्यानंतर सुमारें सहा तासांनीं पूर्ण ओहोटी. हेंही एक मॉडेलच आहे, आणि फार सुंदर आहे. कारण चंद्र दररोज सुमारें पन्नास मिनिटें उशिरां येतो ही गोष्ट त्यानें पाऊण तासांत सांठविली आहे. परंतु या हिशेबांत एक उणीव आहे. तो चुकला तर किती चुकेल, हें तो स्वतः सांगत नाहीं. होडी घेऊन जाणारा जाणता कोळी ती चूक आपल्या मनांत धरून चालतो. पुस्तकी मनुष्य धरीत नाहीं. नोम हें सॉफ्टवेअर शिकण्यासारखें आम्हांस वाटतें तें विशेषतः याच कारणामुळें कीं, तें आपली चूक किती असूं शकेल हें स्वतः काढून दाखवितें. तें कसें, हें पुढें येईलच.

प्रथम कृति सांगतों. वेबनोममध्यें कांहीं ठिकाणांच्या तयार 'लोकेशन फाइल' आहेत. त्यांत त्या ठिकाणचा नकाशा व प्रवाह आधींच भरलेले असतात. हीं ठिकाणें बहुतेक अमेरिकेंतील आहेत. परका समुद्र म्हणून नाक मुरडूं नये. पहिल्या धड्यास तोच उत्तम. उदाहरणार्थ, कोलंबिया नदीच्या मुखाची फाइल घ्यावी. तेथें नदीचा लोट समुद्राकडे आणि भरतीचा रेटा आंत, असा झगडा चालतो. आपल्या खाड्यांतही हाच खेळ चालत असल्यामुळें तो समजून घेणें उपयोगाचें आहे. सॉफ्टवेअर मग एकामागून एक प्रश्न विचारतें: गळती केव्हां सुरू झाली, हिशेब किती दिवसांचा हवा, वारा कोणता व किती, तेल कोणत्या जातीचें व किती, आणि तें नकाशावर नेमकें कोठें सांडलें. हीं उत्तरें भरून कळ दाबली कीं ठिपके चालूं लागतात. प्रथम वारा शून्य ठेवून पाहावें. मग तोच हिशेब वारा देऊन करावा. मग वाऱ्याची दिशा पालटून करावा. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, म्हणजे कोणत्या कारणाचें कोणतें कार्य हें डोळ्यांस दिसतें.

येथें तीन जागा अशा आहेत कीं, तेथें नवशिका हटकून घसरतो. पहिली जागा दिशेची. वाऱ्यास नांव तो जेथून येतो त्यावरून देतात. प्रवाहास तो जेथें जातो त्यावरून. पश्चिमेचा वारा म्हणजे पश्चिमेकडून येणारा; पश्चिमवाहिनी नदी म्हणजे पश्चिमेकडे जाणारी. व्याकरणाच्या भाषेंत सांगावयाचें तर, वारा पंचमीचा आणि प्रवाह द्वितीयेचा. एवढें ध्यानांत न ठेविल्यास नैर्ऋत्येचे मोसमी वारे कोंकणांतलें तेल अरबस्तानाकडे घेऊन जात आहेत, असा चमत्कार पडद्यावर दिसावयास लागतो.

दुसरी जागा वेळेची. समुद्राचीं व वाऱ्याचीं आंतरराष्ट्रीय कोष्टकें बहुधा ग्रीनिचच्या वेळेस धरून असतात. आपली वेळ त्याच्या साडेपांच तास पुढें. साडेपांच तासांनीं असें काय होणार, असें कोणी म्हणेल. परंतु भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तास आणि वर थोडीं मिनिटें लागतात. म्हणजे वेळेची ही एवढी चूक झाली, तर भरतीच्या जागीं जवळजवळ ओहोटी येते, आणि खाडींत शिरणारें तेल खाडीबाहेर पडतांना दिसतें.

तिसरी जागा अक्षांश-रेखांशांची. १८ अंश ३० कला हें दशांशांत लिहितांना १८.५० होतें, १८.३० नव्हे, कारण अंशाच्या कला साठ, शंभर नव्हेत. या दोहोंतील अंतर ०.२० अंश, म्हणजे १२ कला, म्हणजेच १२ सागरी मैल. सुमारें २२ किलोमीटर दूर तेल सांडून बसलों, तर पुढचें सर्व गणित अचूक असूनही व्यर्थ.

तेलाची जात विचारण्याचें कारण असें कीं, सर्व तेलें सारखीं नसतात. सॉफ्टवेअरबरोबर तेलांच्या गुणधर्मांचा एक मोठा कोश आहे, त्यांतून जात निवडावयाची. पेट्रोल कापरासारखें, बघतां बघतां उडून जातें. डिझेलही पुष्कळ उडतें व लाटांत मिसळतें. परंतु मोठ्या जहाजांच्या इंजिनांत जाळतात तें जड इंधन तेल फारच थोडें उडतें; तें राहतें, घट्ट होतें व किनाऱ्यास येऊन चिकटतें. कित्येक कच्चीं तेलें लाटांनीं घुसळलीं गेलीं म्हणजे पाणी आपल्या पोटांत घेतात व त्यांचा तपकिरी, दाट असा लगदा बनतो; त्याचें आकारमान मूळ तेलाच्या तिप्पट-चौपटही होतें. लोण्यांत पाण्याचे सूक्ष्म थेंब धरलेले असतात, हें ज्यांस ठाऊक आहे त्यांस याचें नवल वाटणार नाहीं. म्हणून दहा टन सांडलें तर दहा टनच उचलावें लागेल, हा हिशेब खोटा. किती उडालें, किती पाण्यांत मिसळलें, किती तरंगत आहे आणि किती किनाऱ्यास लागलें, याचा जमाखर्च सॉफ्टवेअर कालानुक्रमानें मांडून दाखवितें.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. हिशेब चालू करण्यापूर्वी 'अनिश्चितता धरावी काय?' अशा अर्थाची खूण करण्याची एक सोय असते. पुष्कळ नवशिके तिकडे लक्ष देत नाहींत, कारण तिच्यावांचून चित्र अधिक स्वच्छ दिसतें. ती खूण अवश्य करावी. मग पडद्यावर दोन रंगांचे ठिपके दिसतात, काळे व तांबडे. दिलेला वारा व दिलेला प्रवाह अगदीं बरोबर आहेत असें धरून काढलेली वाट काळे ठिपके दाखवितात. तांबडे ठिपके निराळें सांगतात. वाऱ्याचा अंदाज वेगांत आणि दिशेंत थोडा चुकला, प्रवाहाचाही थोडा चुकला, तर तेल आणखी कोठें कोठें जाऊं शकेल, तें सर्व क्षेत्र ते व्यापतात. तांबडे ठिपके म्हणून नेहमीं अधिक पसरलेले असतात, आणि दिवस जातील तसतसे अधिकच पसरतात.

त्या शास्त्रज्ञांनीं या तांबड्या चित्रास 'कमींत कमी पश्चात्तापाचें' असें नांव दिलें आहे, आणि तें फार विचारानें दिलेलें आहे. ज्येष्ठांत आभाळ निरभ्र असतांही शहाणा मनुष्य छत्री घेऊन निघतो. पाऊस येईलच असा त्याचा सिद्धांत नसतो. छत्री वाहण्याचा त्रास थोडा व भिजण्याचा मोठा, एवढाच त्याचा हिशेब. समुद्रावरही हेंच आहे. तेल अडविण्याचे तरते बांध मोजके असतात, माणसें मोजकीं असतात. काळे ठिपके एखाद्या उघड्या कातळाकडे जात असतील आणि तांबड्यांपैकीं थोडेसेच बाजूच्या खाडींत शिरत असतील, तरी पहिला बांध खाडीच्या मुखाशीं घालणें शहाणपणाचें ठरूं शकतें. कातळ लाटांनीं पुढेंमागें धुतला जातो. परंतु तिवरांच्या मुळांत तेल बसलें, तर तें काढावयास गेलेल्या माणसांच्या पायांनींच चिखलांत अधिक खोल जातें, आणि त्या चिखलांत वाढणाऱ्या कोळंबीवर, खेंकड्यांवर व माशांच्या पिलांवर ज्यांचें पोट आहे, त्यांस त्याची झळ कित्येक हंगाम लागते. केवळ काळे ठिपके पाहणारा अधिकारी प्रामाणिक असूनही अशा वेळीं खाडी गमावून बसेल.

हें सर्व आपल्याकडे घडलेलें आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजीं मुंबई बंदराच्या मुखाशीं 'एमएससी चित्रा' व 'खलीजिया-३' या दोन जहाजांची टक्कर झाली. चित्रा कलली, तिच्यावरील अनेक कंटेनर समुद्रांत पडले, आणि सुमारें ८०० टन तेल सांडलें. तें घारापुरी, उरण व अलिबाग यांच्या किनाऱ्यांस लागलें, आणि वाशीकडील तिवरांतही शिरलें. लोकांस मासे खाण्याची भीति वाटूं लागली, आणि ऐन हंगामाच्या तोंडीं कोळ्यांचा धंदा बसला. आमची सूचना अशी कीं, कोलंबिया नदीचा धडा झाल्यावर दुसरा स्वाध्याय म्हणून हाच प्रसंग घ्यावा. किनाऱ्याचा साधा नकाशा घ्यावा, बंदराच्या मुखाशीं ८०० टन जड तेल सांडावें, आणि नैर्ऋत्येकडून ताशीं १५ ते २० सागरी मैल वारा द्यावा. प्रवाह मुळींच देऊं नये. ठिपके ईशान्येकडे, घारापुरी व उरण यांच्या बाजूस जातील. तें ठीकच, परंतु दक्षिणेकडील अलिबाग या ओळींत कसें बसणार? आणि खाडीच्या वळणांतून आंत वाशीपर्यंत तेल कोणी नेलें? एकट्या वाऱ्याजवळ याचें उत्तर नाहीं. भरती आंत नेते, ओहोटी बाहेर आणते. एकच तेल एकाच दिवसांत दोन्ही वाटांनीं जातें. गणित जेथें वस्तुस्थितीशीं जुळत नाहीं, नेमकें तेथेंच आपण काय गाळलें तें कळतें. पूर्ण जुळणाऱ्या दहा उदाहरणांपेक्षां असें न जुळणारें एक उदाहरण विद्यार्थ्यास अधिक शिकवितें.

यापुढचा धडा उलट दिशेचा. आपल्या न्यायशास्त्रांत अनुमानाचे प्रकार सांगितले आहेत. मेघ दाटलेले पाहून पाऊस पडेल म्हणणें हें 'पूर्ववत्', म्हणजे कारणावरून कार्याचें अनुमान. नदीस पूर आलेला पाहून वर कोठें पाऊस पडला असावा म्हणणें हें 'शेषवत्', म्हणजे कार्यावरून कारणाचें. आतांपर्यंत आपण केलें तें पूर्ववत्. पुळणीवर डांबराचे गोळे पाहून ते कोठून आले हें शोधणें हें शेषवत्. आणि पायनोममध्यें काळ उलटा चालविण्याची सोय असल्यामुळें तेंही करून पाहतां येतें. परंतु न्यायशास्त्रांतच पूर्वपक्षानें एक हरकत घेतली आहे कीं, नदी खालीं कोठें तुंबल्यामुळेंही फुगलेली दिसूं शकते. मग पुरावरून पावसाचें अनुमान कसें करावें? त्यास उत्तर असें कीं, नुसतें पाणी वाढलेलें पाहूं नये; ओढ, फेंस, वाहून येणारीं पानें व लांकडें अशा विशेष खुणा पाहाव्या.

गोव्याच्या पुळणींवर उन्हाळ्याच्या शेवटीं व पावसाळ्यांत डांबरगोळे येतात, त्यांविषयीं दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं नेमकें असेंच केलें. त्या ऋतूंत पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो व वारा जमिनीकडे लोटतो. त्यावरून गोळे उत्तरेकडून, मुंबईसमोरच्या समुद्रांतून आले असावे असा तर्क निघतो. पण त्याच वाटेवर तेलाच्या विहिरीही आहेत आणि जहाजांचा राबताही आहे. म्हणून त्यांनीं गोळ्यांचें रासायनिक पृथक्करण करून तेलाची जात ओळखण्याचा मार्ग धरिला. ही ती विशेष खूण. गणित वाट दाखवितें. धनी कोण, हें ठरविण्यास दुसरी साक्ष लागते. घरच्या संगणकावर उलट हिशेब करून एखाद्या कारखान्याचें किंवा जहाजाचें नांव घेणें हा म्हणून न्याय नव्हे.

याच अनुषंगानें एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. प्रत्यक्ष अपघात झाला असतां आपल्या संगणकावरील चित्र मोबाइलवरून गांवभर पाठवूं नये. अशा वेळचें अधिकृत अनुमान काढण्यासाठीं आपल्याकडे हैदराबाद येथें 'इन्कॉइस' म्हणून ओळखली जाणारी महासागर माहितीची राष्ट्रीय संस्था आहे. तिची तेलगळतीविषयींची सूचनापद्धति याच नोम सॉफ्टवेअरवर उभारलेली आहे. परंतु तिच्यापाशीं आपल्या समुद्राचे ताजे वारे व प्रवाह असतात, आपल्यापाशीं ते नसतात. तेंच जातें, पण दळण निराळें, तर पीठ सारखें कसें निघेल? आपण सहज पाठविलेल्या एका चित्रानें दुसऱ्या दिवशीं एखाद्या कोळिणीची पाटी बाजारांत तशीच पडून राहूं शकते, आणि चित्र खोटें ठरलें म्हणून तिचे पैसे कोणी भरून देत नाहीं.

मग हा खटाटोप गृहस्थानें करावा तरी कशाला, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें आहे. मे २०२५ मध्यें केरळासमोर 'एमएससी एल्सा ३' हें जहाज बुडालें. असे प्रसंग पुढेंही येणार, आणि त्यांतला एखादा आपल्याच गांवासमोर येणार नाहीं असें नाहीं. त्या दिवशीं कोणी म्हणेल, 'तेल किनाऱ्यास लागणार नाहीं'. कोणी म्हणेल, 'सर्व किनारा बुडाला'. ज्यानें घरीं दहा वेळां हें गणित मांडून पाहिलें आहे, तो या दोघांसही शांतपणें विचारील: वारा कोणता धरला? कोणत्या वेळेचा? तेल कोणत्या जातीचें? आणि तांबडे ठिपके कोठवर गेले? हे प्रश्न विचारण्यास पदवी लागत नाहीं. ज्या गांवांत असे प्रश्न विचारणारीं चार माणसें आहेत, त्या गांवाच्या खाडीच्या तोंडाशीं बांध वेळेवर पडण्याचा संभव अधिक.

शाळेंत आम्ही मुलांस उत्तराखालीं दोन रेघा मारावयास शिकवीत असूं, आणि तें योग्यच होतें. कारण क्रमिक पुस्तकांतील उदाहरणास उत्तर एकच असतें. समुद्राच्या उदाहरणास तसें नसतें. तेथें उत्तर लिहून झाल्यावर, तें किती सरकूं शकेल तेंही शेजारीं लिहावें लागतें. ज्या उत्तराशेजारीं तें लिहिलेलें नाहीं, त्यावर विसंबून कोणाची होडी किंवा कोणाची खाडी पणास लावूं नये. येत्या सुटींत घरांतील मुलांस जवळ घेऊन हा धडा अवश्य गिरवावा, आणि प्रत्येक चित्रापाशीं थांबून त्यांस आधीं तांबडे ठिपके मोजावयास सांगावें.